ऊब नसलेली शेकोटी

आमच्या डोंबिवलीच्या घरात शनिवारी रात्री जेवणाचं टेबल पुसलं की त्यावर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या गोष्टीच्या खेळातलं डंजन, म्हणजे धोक्यांनी भरलेलं तळघर, मांडलं जातं. डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारी, मीच. माझा पहिला ट्रॅप आठवला की अजून ओशाळायला होतं. सरळ बोळ, मध्येच खड्डा, खाली भाले. "डेक्स सेव्ह मार." म्हणजे चपळाईवर निसटतोस का, ते फासा टाकून बघ. तीन महिने जपलेला विझर्ड गेला. त्याचा खेळाडू उरलेला चहा संपवून मुकाट घरी निघाला. तो फसला नव्हताच, कारण ओळखता येईल अशी खूण मी कुठे ठेवलीच नव्हती.

तेव्हापासून आधी खूण ठरवते, मग धोका.

इल्युजनमध्ये, म्हणजे जादूच्या भ्रमात, ही खूण फुकट मिळते. खेळाच्या फिफ्थ एडिशनमधला, म्हणजे पाचव्या आवृत्तीतला, सायलेंट इमेज हा मंत्र घ्या. १५ फुटांच्या घनात मावेल ते दाखवता येतं, हलवताही येतं, जास्तीत जास्त १० मिनिटं, तेही जादूगाराचं लक्ष टिकलं तर. पण सगळं नुसतं डोळ्यांना. आवाज नाही, वास नाही. म्हणजे खड्ड्यावर शेकोटी दाखवलीत तर लाकडं तडतडणार नाहीत, धूर नाकात जाणार नाही. वर्णनात एवढंच गाळा. गाळलंय हे मात्र सांगू नका.

आणि क्रियापद सांभाळा! एरवी "दार आहे, पेटी आहे" म्हणणारा डीएम अचानक "शेकोटी पेटलेली दिसतेय" म्हणाला की टेबलावरचा सगळ्यात झोपाळू खेळाडूही जागा होतो. मी पहिल्या दिवसापासून सगळंच "दिसतं" म्हणते, खरं दारसुद्धा. त्यामुळे खोटं कधी बोलावं लागत नाही.

पर्सेप्शनचा रोलही (पात्राच्या काही लक्षात येतं का, याचा फासा) मागू नका, मागितलात की संशय आलाच. प्रत्येकाचं पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे १० अधिक त्याचा मॉडिफायर (पात्राच्या कौशल्याचा आकडा), चिठ्ठीवर लिहून तुमच्या आडोशाच्या स्क्रीनमागे ठेवा. कुणी अॅक्शन, म्हणजे आपली चाल, खर्चून निरखलं तर इन्व्हेस्टिगेशनचा रोल, जादूगाराच्या स्पेल सेव्ह डीसीविरुद्ध, म्हणजे त्याचा मंत्र ओळखायला गाठावा लागणाऱ्या आकड्याविरुद्ध. कुणी दगड मारला आणि तो आरपार गेला, तर रोल कसला? भ्रम उघडा पडला.

जागेची कल्पना मी देवगिरीच्या अंधारीवरून उचलली. वळणावळणाचा काळोखा मार्ग. गाईड सांगतात, उजेड दिसला म्हणून शत्रू तिकडे धावायचा आणि खाली खंदकात पडायचा. अंधारात चाचपडणाऱ्याला उजेडाइतकं मोठं आमिष नाही.

या खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सच्या 'टूम ऑफ हॉरर्स' या साहसातला हिरवा चेहरा मात्र घरी आणू नका. त्याच्या काळ्याकुट्ट तोंडात शिरला तो संपला, सेव्ह नाही. ते साहस १९७५ साली ओरिजिन्स संमेलनात स्पर्धेसाठी खेळवलं होतं. तिथल्या पात्रांना पुढच्या शनिवारी परत यायचं नव्हतं.

गेल्या महिन्यात माझी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, भिजून, कुडकुडत त्या शेकोटीपाशी पोचली. मी वर्णन केलं आणि गप्प बसले. दोघं पुढे सरकले. आमचा बार्बेरियन खेळणारा, जो कधी काही विचारत नाही, त्याने टेबलावर तळवे पसरले.

"ऊब लागतेय का गं?"

"नाही."

पाचही खुर्च्या एकदम मागे सरकल्या.