हत्तीचं एकटं पिल्लू सापडलं, तर या चुका टाळा

चरात पडलेलं किंवा शेताच्या बांधावर भांबावून उभं असलेलं हत्तीचं पिल्लू दिसलं की सगळं गाव धावत येतं. कुणी बादलीभर पाणी आणतं, कुणी दूध, कुणी केळी. त्या मायेत खोट नसते, पण तिच्यापायीच पिल्लाचा कळप कायमचा तुटतो. दोडामार्गात तिलारीच्या खोऱ्यात रानटी हत्ती आहेत, २०२१ पासून गडचिरोलीतही कळप आहे. म्हणून हे आपल्या दाराशी आलेलं काम आहे.

पोरकं ठरवण्याची घाई

सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती पहिल्या तासाभरात होते. एकटं दिसलेलं पिल्लू पोरकंच असतं असं नाही. आई बहुतेक वेळा जवळच्या झाडीत असते आणि माणसं हटायची वाट बघते. आपण गर्दी केली, फटाके वाजवले, बॅटऱ्या मारल्या की ती आणखी लांब जाते.

महाराष्ट्रात असाल तर आधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, मग गर्दी मागे घ्या. पिल्लू चरात अडकलं असेल तर चराची एक बाजू उतरती कापली की ते बरेचदा स्वतःच वर येतं. दोर बांधून ओढाओढ केली तर पाय निखळतात. त्याला हात लावावाच लागला, तर वनकर्मचारी नंतर अंगाला चिखल किंवा कळपाचंच शेण फासतात, म्हणजे माणसाचा वास झाकला जातो.

डिसेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूच्या अनामलाई व्याघ्र प्रकल्पात वनकर्मचाऱ्यांनी ड्रोनने कळप शोधून काही महिन्यांच्या पिल्लाला आईकडे पोचवलं. नंतर ते आईला बिलगून झोपलेलं दिसलं, तो फोटो अनेकांनी पाहिला असेल. एक रात्र कळप आला नाही म्हणून प्रयत्न सोडू नका. मात्र दूधपितं पिल्लू उपाशी फार तग धरत नाही. तोवर पशुवैद्य जवळ हवा आणि क्षारपाणी सुरू हवं.

गाईचं दूध

आपल्याकडे कुठल्याही लहान जिवाला आधी गाईचं दूध पाजतात. हत्तीच्या पिल्लाला ते सोसत नाही. त्यातली चरबी पचत नाही, जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं आणि शंभर किलोचं पिल्लू बघता बघता खचतं. केनियात पोरकी हत्तीपिल्लं वाढवणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी अनेक वर्षं पिल्लं डोळ्यांदेखत गमावली, तेव्हा कुठे नेमकं दूध सापडलं. माणसाच्या बाळांची दूध पावडर आणि तिच्यात गाईच्या चरबीऐवजी खोबरेल. आपल्या कोकणात घरोघरी असलेलं तेल हत्तिणीच्या दुधातल्या चरबीच्या इतकं जवळचं निघावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पिल्लू तोंडाने पितं, सोंडेने नाही. सोंडेत दूध ओतलं तर ते फुप्फुसात उतरतं. पाजताना सोंड वर टेकायला आधार लागतो, कारण आईच्या पोटाशी ते तसंच उभं राहतं. शेल्ड्रिक यांच्या नैरोबीच्या केंद्रात त्यासाठी घोंगडी टांगतात आणि रात्रंदिवस दर तीन तासांनी दूध देतात. जुलाब लागले तर दूध रेटू नका. वैद्याच्या सल्ल्याने ते पातळ करा आणि क्षारपाणी वाढवा. थोडं मोठं झालेलं पिल्लू मोठ्या हत्तीचं शेण खाऊ लागलं तर हाकलू नका, चारा पचवणारे जंतू त्याला तिथूनच मिळतात.

एकाच माणसाचा लळा

१९७४ च्या सुमारास शेल्ड्रिकबाईंनी आयशा नावाचं पिल्लू सहा महिने जगवलं होतं. लेकीच्या लग्नासाठी त्या काही दिवस बाहेर गेल्या आणि आयशाने खाणं सोडलं. ती गेली. तेव्हापासून तिथे रात्री पिल्लाजवळ झोपणारा राखणदार आलटून पालटून बदलतो. सगळ्या राखणदारांनी मिळून कळप व्हायचं, आई कुणा एकानेच व्हायचं नाही. एका माणसावाचून न राहणारं पिल्लू पुढे कुठल्याही कळपात रमत नाही.

आईची सावली नसली की कानाची कातडी उन्हाने भाजते आणि रात्रीच्या गारठ्याने न्यूमोनिया होतो. सावली, कोरडी जागा आणि पांघरूण हवंच. सुस्ती, चेहऱ्यावर सूज आणि जांभळी जीभ दिसली तर सकाळची वाट पाहू नका. हत्तींच्या नागीणवर्गीय विषाणूने तरणी पिल्लं एका दिवसात जातात.

कळपात ढकलणं

‘रानातली एखादी हत्तीण पोटाशी घेईल’ असं म्हणून परकं दूधपितं पिल्लू कळपापुढे सोडणं म्हणजे त्याला उपाशी सोडणं. हत्तिणी मायाळू असतात, पण दुसऱ्याच्या पिल्लाला पुरेसं दूध पाजणारी क्वचितच मिळते. म्हणून आधी पिल्लं एकमेकांत वाढवायची आणि दूध सुटल्यावर गटाने सोडायची. श्रीलंकेत उडवलवेचं केंद्र १९९५ पासून हेच करतं. तिथे माणसाचा सहवास दूध पाजण्यापुरताच ठेवतात. काझीरंगाजवळच्या केंद्रातून पिल्लं मानसच्या जंगलात नेतात. केनियातली पिल्लं नैरोबीहून त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानात जातात. दिवसा रानात, रात्री गोठ्यात, असं वर्षानुवर्षं चालतं आणि कधी परतायचं नाही हे हत्तीच ठरवतो. तारीख आपण ठरवू नये.

सोबत मोठे हत्तीही हवेत. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानातली पोरकी पिल्लं मोठ्यांशिवाय पिलान्सबर्गच्या उद्यानात नेली होती. त्यातले नर वयात आले तेव्हा वेळेआधीच माजावर आले, म्हणजे नर हत्ती आक्रमक होतो त्या अवस्थेत गेले, आणि १९९२ ते १९९७ मध्ये त्यांनी चाळीसहून अधिक गेंडे मारले. १९९८ मध्ये क्रूगरमधून सहा थोराड नर तिथे आणून सोडले. त्यांच्यापुढे तरण्यांचा माज उतरला आणि गेंड्यांचं मरण थांबलं.