उद्योग इथेच का? आपल्या जिल्ह्याचा औद्योगिक भूगोल कसा अभ्यासावा

आर्थिक भूगोलातील संकल्पना पाठ करण्यापेक्षा त्या आपल्या जिल्ह्यावर लावून पाहिल्या तर अधिक पक्क्या समजतात आणि त्यासाठी कोल्हापूरसारखा जिल्हा शोधूनही सापडणार नाही. अभ्यासासाठी एकच उद्योग निवडावा आणि तो याच ठिकाणी का उभा राहिला, या प्रश्नापासून सुरुवात करावी.

सर्वप्रथम वजनाची कसोटी लावावी. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार ठरावीक ठिकाणीच मिळणाऱ्या कच्च्या मालाच्या वजनाला पक्क्या मालाच्या वजनाने भागले की पदार्थ निर्देशांक मिळतो. शंभर किलो उसापासून सुमारे अकरा-बारा किलो साखर निघते, म्हणजे हा निर्देशांक आठ-नऊच्या आसपास येतो. निर्देशांक एकपेक्षा जितका मोठा, तितका कारखाना कच्च्या मालाकडे ओढला जातो. उसाच्या बाबतीत आणखी दोन कारणे त्यात भर घालतात: तोडलेला ऊस ठेवला की त्यातील साखरेचे प्रमाण घटत जाते आणि कारखान्याला लागणारे बहुतांश इंधन उसाच्या चिपाडातूनच मिळते. म्हणूनच साखर कारखाने पंचगंगा, वारणा, दूधगंगा यांच्या ओलिताच्या पट्ट्यांत दिसतात आणि गुऱ्हाळ तर उसाच्या शिवारातच उभे राहते. गुळाचा व्यापार मात्र दळणवळणाच्या मागे जातो. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये आणि शाहूपुरीची बाजारपेठ वसली १८९५ मध्ये. हा क्रम ध्यानात ठेवावा.

हीच कसोटी इचलकरंजीच्या कापड उद्योगाला लावली की कसोटीची मर्यादा कळते. सूत विणून कापड होताना वजन फारसे घटत नाही, त्यामुळे यंत्रमाग कोठेही चालू शकले असते. तेथे पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये आला आणि त्याला संस्थानच्या जहागीरदारांचे प्रोत्साहन होते. अशा वेळी उत्तर इतिहासात आणि माणसांच्या कौशल्यात शोधावे लागते.

माझ्या मते सर्वांत मोलाचा अभ्यास फौंड्रीचा, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून भाग घडवण्याच्या उद्योगाचा आहे. जिल्ह्यात कच्चे लोखंड तयार होत नाही, दगडी कोळशाची खाणही नाही, तरीही उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे ओतकाम फोफावले. नदीकाठच्या उपसा सिंचनासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांनी या कौशल्याला आरंभी गिऱ्हाईक दिले. पुढे पुणे-बेंगळुरू महामार्गामुळे वाहन उद्योगाची मागणी जोडली गेली. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवणारा, साचा तयार करणारा मोल्डर, लेथवर काम करणारा टर्नर आणि जॉबवर्क (दुसऱ्यांची कामे) घेणारी लहान वर्कशॉपे हाकेच्या अंतरावर असली की प्रत्येकाचा खर्च कमी होतो. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी वर्णन केलेले एकत्रीकरणाचे लाभ ते हेच. क्षेत्रभेटीत मालकाला नफा विचारू नये, कारण उत्तर मोघमच मिळते. त्याऐवजी सुटा भाग कोणाकडून येतो, मशीन बिघडले तर कोणाला बोलावतात आणि कारागीर काम कोठे शिकला, हे विचारावे. या तीन उत्तरांतून समूहाचे जाळे कागदावर उतरते.

त्यानंतर स्थानीयकरण गुणांक काढावा, म्हणजे उद्योगातील कामगारांच्या तालुक्यातील प्रमाणाला राज्यातील प्रमाणाने भागावे. समजा, एखाद्या तालुक्यातील शंभर कामगारांपैकी बारा ओतकामात आहेत आणि राज्यात हेच प्रमाण शंभरात दोन आहे, तर गुणांक सहा येतो. एकपेक्षा मोठा गुणांक म्हणजे त्या उद्योगाचे तेथे केंद्रीकरण झाले आहे. ही आकडेमोड तालुकानिहायच करावी, कारण जिल्ह्याच्या सरासरीत उद्योगप्रधान हातकणंगले आणि डोंगराळ गगनबावडा यांच्यातील दरी बुजून जाते. आकड्यांसाठी जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, जनगणना आणि आर्थिक गणना पाहावी, मात्र सर्व आकडे एकाच वर्षाचे घ्यावेत.

प्रादेशिक विकासाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रान्स्वा पेरू यांच्या मते वाढ सर्वत्र एकाच वेळी होत नाही, ती काही विकासध्रुवांपाशी, म्हणजे वाढीच्या केंद्रांपाशी प्रकटते. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी अशा केंद्राचे दोन परिणाम सांगितले: भोवतालच्या प्रदेशाला मागणी व रोजगार मिळणे आणि त्याच प्रदेशातील तरुण व भांडवल केंद्राकडे ओढले जाणे. वारणानगरचा सहकारी साखर कारखाना आणि दूध संघ यांच्या परिसरात पहिला परिणाम तपासता येतो. सह्याद्रीलगतच्या, मुसळधार पावसाच्या पण सपाट जमीन कमी असलेल्या शाहूवाडी, गगनबावडा या तालुक्यांत दुसरा तपासावा. त्यासाठी प्रत्येकी एक गाव निवडून घरटी किती जण कामासाठी बाहेर गेले, कोठे गेले आणि त्यांनी पाठवलेला पैसा शेतीत, घरबांधणीत की शिक्षणात लागला, याची नोंद करावी.