जपानी ठसाचित्र घेताय? आधी भिंग काढा

जपानी चित्रकार हिरोशिगेचं 'युई' हे लाकडी ठशावरून छापलेलं चित्र बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं: डावीकडे उभा कडा, त्याच्या टोकाला चिमुकले वाटसरू, खाली सुरुगाच्या उपसागरात शिडं, पलीकडे पांढराशुभ्र फुजी पर्वत. एदो (आजचं टोकियो) ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांच्या चित्रमालिकेतलं हे एक, 1833-34च्या सुमाराचं.

असं चित्र 'अस्सल ठसा' म्हणून कुणी विकत असेल, तर दहापट मोठं दाखवणारं भिंग आकाशाच्या निळ्यावर धरा. रंगांचे बारीक ठिपके ओळीने दिसले, तर तो छापखान्यात यंत्रावर छापलेला ऑफसेट. व्यवहार तिथेच थांबवा. लाकडाच्या ठशात रंग सलग असतो, कधीकधी फळीच्या रेषाही उमटतात. मग कागद उलटा करा. ओलसर कागद रंग लावलेल्या लाकडी ठशावर ठेवून मागून 'बारेन' नावाच्या चकतीने घासतात, त्यामुळे रंग पाठीमागे झिरपलेला दिसतो. फ्रेम उघडायला विक्रेता नाहीच म्हणाला तर मी तरी पैसे देणार नाही.

पण एवढ्यावर हुरळू नका. याच चित्रांचे ठसे पुढे नव्याने कोरून हातानेच छापले गेलेत, आणि ते या दोन्ही परीक्षा आरामात पास होतात. जुनेपणा ठरवायला जाणकारच हवा. भिंतीवर लावायला मात्र अशी नवी हातछपाई उत्तम, खिशालाही परवडते.

फक्त खिडकीसमोर टांगू नका आणि मागे सेलोटेप लावू नका. टेपचा पिवळा डाग पुढे उतरतो.