ब्रेसेस टोचतायत? मेण लावण्याआधी ब्रॅकेट कोरडं करा

तार घट्ट करून आल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतातच, पण गाल सोलवटणं मात्र बऱ्यापैकी टाळता येतं. डॉक्टरांनी दिलेलं मेण ओल्या ब्रॅकेटवर (दातावर चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) टिकत नाही, थोड्याच वेळात निघून येतं. माझ्या लेकीला हे कळेपर्यंत महिना गेला, बिचारीने उगाच सोसलं. आधी हात धुवा, दात घासा, टिश्यूने ब्रॅकेट अगदी कोरडं करा. मग वाटाण्याहून लहान गोळी बोटांत मळून मऊ करा आणि टोचणाऱ्या जागी दाबून बसवा. जेवणाआधी काढा, नंतर नवी लावा. चुकून थोडं गिळलं गेलं तरी घाबरू नका.

गाल आधीच सोलवटला असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून 3-4 वेळा चूळ भरा. खूप आराम पडतो. जेवायला मऊ खिचडी, वरणभात, दुधात कुस्करलेली पोळी. चिक्की आणि ऊस नकोच.

तारेचं टोक रुतत असेल तर पेन्सिलीचं खोडरबर स्वच्छ धुऊन त्याने ते हलकेच दाताकडे वळवा. नाही वळलं तर त्यावर मेण लावा आणि डॉक्टरांना फोन करा. नेलकटरने कापू नका, सुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो.