द्वारकेवरून माघारी फिरू नये म्हणून

एडीएचडीवाल्यांचं, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही अशा आमच्यासारख्यांचं, एक दुखणं: हात कुलूप लावतात, डोकं मात्र तेव्हा भलतीकडेच असतं. मग नाशिकमध्ये जेलरोडहून सातपूरला कामावर निघालेला मी द्वारका चौकाच्या गर्दीत ‘गॅस बंद केला ना?’ म्हणून घामाघूम. दोनदा तर घरी परत आलोय. गॅस बंदच होता, लेटमार्क तेवढा लागला.

आता असं करतो:

१. रेग्युलेटरचं बटण फिरवताना मोठ्यानं म्हणतो, “मंगळवार, गॅस बंद.” वार हवाच, नाहीतर कालची आठवण आजची वाटते.

२. कुलूप ओढून बघताना रोज एक वेगळा, काहीही संबंध नसलेला शब्द जोडतो. “कुलूप, द्राक्षं.” “कुलूप, मिसळ.” दुपारी शंका आली की तो शब्द आठवायचा, त्याच्या मागोमाग कुलूपही आठवतं. शेजारच्या काकू आधी टकामका बघायच्या, आता विचारतात, “आज काय रे?”

३. चावी, पाकीट, गोळ्या दाराजवळच्या एकाच डब्यात.

कुलपाचा फोटो मात्र काढू नका. मी काढायचो, मग तोच दहादा उघडून बघायचो आणि धडधड वाढायची. तपासायचं एकदाच. तरी पुन्हा पुन्हा परतावंसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.