कन्फर्मेशन झालं आणि मुलं दिसेनाशी झाली: आईबाबांनो, या चुका टाळा

मे महिन्यातल्या त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. पाळकांनी मुलांना विचारलं, ज्या विश्वासात तुमचा बाप्तिस्मा झाला त्यात तुम्हाला राहायचं आहे का? अकरा मुलामुलींनी एका सुरात उत्तर दिलं, "हो, देवाच्या साहाय्यानं." मग ती वेदीसमोर गुडघे टेकून बसली आणि पाळकांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. त्यांत माझी मुलगीही होती. पुढच्या रविवारी त्या अकरांपैकी एकही आलं नाही. माझीही नाही.

आम्ही मूळचे नगरचे. घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती, 1970 पासून सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये. तिथं कन्फर्मेशनला, म्हणजे दृढीकरणाला, बिशपसाहेब येतात. इथं जर्मनीत, हेसेन राज्यातल्या आमच्या लहानशा लूथरन मंडळीत, गावचे पाळकच हा विधी करतात आणि मुलं साधारण 14 वर्षांची असतात. मुलीच्या कन्फर्मेशनच्या तयारीच्या वर्गाला मदत करायला म्हणून मी गेले आणि अजून जाते आहे. स्वतः केलेल्या आणि इतर पालकांना करताना पाहिलेल्या चुका इथे लिहिते आहे. मंडळी कुठलीही असो, घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल तर यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

कन्फर्मेशन म्हणजे निरोप समारंभ

जर्मन पाळकांमध्ये एक जुना विनोद आहे. घंटाघरातली वटवाघळं काही केल्या हटेनात, तेव्हा पाळकांनी त्यांचं कन्फर्मेशन करून टाकलं; त्यानंतर ती पुन्हा दिसली नाहीत. मला तो ऐकून हसू येत नाही. कारण असा निरोप बहुतेक वेळा आपण पालकच देत असतो. हॉल, जेवणाचा बेत, नवा सूट, पैशांची पाकिटं, पाहुण्यांची झोपायची सोय यांत मी पाच महिने घालवले. सोमवारपासून काय, याचा विचार पाच मिनिटंही केला नव्हता. मुलीनं त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं: झालं, संपलं.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांतल्या या विधीची सुरुवात आमच्याच हेसेनमध्ये झाली. लहान बाळांना बाप्तिस्मा देण्यावर तेव्हा जोरदार आक्षेप घेतले जात होते. त्यावर धर्मसुधारक मार्टिन बुत्सर यांनी तयार केलेली व्यवस्था 1539 मध्ये इथल्या त्सीगेनहाइन गावाहून निघाली: मुलांना शिकवायचं, त्यांनी मंडळीसमोर विश्वास कबूल करायचा, त्यांच्यावर हात ठेवायचे आणि त्यांना प्रभुभोजनाला घ्यायचं. म्हणजे पहिल्यापासून हे दार आत उघडणारं होतं.

उपाय साधा आहे. समारंभाच्या आधीच पुढची एक तारीख मुलाबरोबर ठरवा. युवा गटाची सहल असो, मंडळीच्या उन्हाळी मेळ्यातला स्टॉल असो, नाहीतर दर दोन वर्षांनी भरणारा किर्शेनटाग हा मोठा ख्रिस्ती मेळावा असो. तारीख जवळची हवी. "बघू पुढच्या वर्षी" म्हटलं की ते राहिलंच.

हजेरीचं कार्ड आपण हातात घेणं

वर्गाच्या काळात मुलांकडे एक कार्ड असतं. उपासनेला आलं की त्यावर सही मिळते. कन्फर्मेशननंतर ते कार्ड बंद होतं आणि मी नकळत स्वतःच ते कार्ड झाले. दर रविवारी सकाळी साडेनऊला तिच्या दारावर टकटक. "उठतेस ना?" मग "आजीला काय सांगू?" आणि शेवटी नगरहून व्हिडिओ कॉलवर आजी स्वतः.

आजीची तळमळ खरी होती, पण मी तिचा वापर केला. मुलीच्या मनात चर्च आणि आईचा चढलेला आवाज एकत्र बसले, आणि ते सोडवायला मला वर्ष लागलं. शिवाय इथं 1921 चा कायदा आहे. 14 व्या वर्षानंतर धर्माचा निर्णय मुलाचा स्वतःचा. कायदा नसता तरी गोष्ट तीच आहे. "हो" तिनं म्हटलंय. ते तिच्या वतीनं मला रोज म्हणता येणार नाही.

मी शनिवारी रात्री एकदाच सांगायला लागले, "मी उद्या दहाला निघते, जागा धरून ठेवीन." सकाळी दार वाजवायचं नाही, आणि परत आल्यावर चेहरा पाडायचा नाही. हे दुसरं फार कठीण जातं.

आपली प्रार्थना मुलांपासून लपलेली असणं

ही चूक मला सगळ्यांत उशिरा कळली आणि सगळ्यांत जास्त लागली. एकदा भांडी लावताना मुलगी म्हणाली, "आई, तू मला सारखी सांगतेस. तू स्वतः करतेस का प्रार्थना?" मी रोज पहाटे करत होते, ती उठायच्या आधी, स्वयंपाकघराचं दार लोटून. कोणाची झोपमोड नको म्हणून. चौदा वर्षांत तिनं मला एकदाही प्रार्थना करताना पाहिलं नव्हतं. तिनं काय पाहिलं, तर रविवारी कपडे करून निघणारी आई.

ज्यांच्या नावानं आमची मंडळी ओळखली जाते त्या मार्टिन लूथर यांनी 1528 च्या सुमारास सॅक्सनीतल्या मंडळ्यांना भेटी दिल्या. लोकांना प्रभूची प्रार्थनाही येत नाही हे पाहून ते हादरले आणि 1529 मध्ये लहान कॅटेकिझम, म्हणजे प्रश्नोत्तरांची धर्मपुस्तिका, लिहिली. तिच्यातल्या भागांच्या मथळ्यांतच लिहिलंय की हे घरच्या कर्त्या माणसानं आपल्या घरच्यांना सोप्या रीतीनं शिकवावं. पाळकांचं काम आहेच, पण पाया घरात. पालक मुलाला वर्गात सोडायला येतात तेव्हा गाडी चालूच ठेवतात, हे आता माझ्या डोळ्यांत येतं. मीही तेच करायचे.

दार उघडं ठेवायला लागले, बाकी काही बदललं नाही. मोठ्यानं, नाटकी नाही. चिंता असली की जेवणाच्या टेबलावर दोन वाक्यांत सांगायचं: "उद्या ऑफिसात अवघड बोलणं आहे, मी त्यासाठी प्रार्थना करते आहे." मुलं मान वर करत नाहीत, पण ऐकतात.

आपलं चुकल्यावर क्षमा मागणंही यातच आलं. रोज नव्यानं बाप्तिस्म्याकडे परतायचं, असं लूथर शिकवतात. मुलाला ते पुस्तकातून कळत नाही. बाबा रात्री खोलीत येऊन "संध्याकाळी मी उगाच ओरडलो, माफ कर" म्हणतात तेव्हा कळतं.

पहिल्याच आठवड्यात मोठा बेत

रोज तीन अध्याय, अर्धा तास प्रार्थना, डायरी. चार दिवस चालतं, मग पोरगं स्वतःलाच नापास ठरवतं. लूथर यांनी सकाळ-संध्याकाळसाठी जे लिहून ठेवलंय ते पाहा: क्रुसाची खूण, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, हवी तर एक छोटी प्रार्थना. पाच मिनिटंही लागत नाहीत. नंतर सकाळी आनंदानं कामाला लागा, आणि रात्री लगेच निर्धास्त झोपा, असं ते सांगतात. परीक्षेच्या काळजीनं आणि फोनच्या उजेडानं रात्री एकपर्यंत जागणाऱ्या मुलाला "आता झोप, पुढचं देव बघेल" हे सांगणारी धर्मपुस्तिका आहे आपल्याकडे.

रोजच्या वचनासाठी हेर्नहूट या जर्मन गावातल्या ख्रिस्ती मंडळीनं काढलेली बायबलची वचनं चांगली. 1731 पासून दर वर्षी छापली जातात, प्रत्येक दिवसाचं वचन चिठ्ठी टाकून निवडलेलं असतं आणि आता ती फोनवरही येतात. शाळेच्या बसमध्ये एक वचन वाचून होतं.

विश्वास रविवारपुरता आणि आज्ञा पाठांतरापुरत्या

नगरला मी शिकले तेव्हा खोटी साक्ष देऊ नको ही नववी आज्ञा होती. लूथरन मोजणीत ती आठवी. मुलीनं माझी चूक काढली आणि त्यावरून आमचं जे बोलणं झालं ते वर्षभरातलं सगळ्यांत चांगलं होतं. कॅटेकिझममध्ये प्रत्येक आज्ञेखाली विचारलेलं असतं: याचा अर्थ काय? आठवीचा अर्थ कोर्टातल्या साक्षीपाशी थांबत नाही. शेजाऱ्याची बदनामी करू नये, त्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं आणि प्रत्येक गोष्टीतून त्याच्या भल्याचा अर्थ काढावा.

तिच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात तेव्हा एका मुलीचा फोटो फिरवून तिची टर उडवणं चाललं होतं. माझी मुलगी त्यात काही लिहीत नव्हती, हसण्याचे इमोजी मात्र टाकत होती. मी उपदेश केला नाही. आठव्या आज्ञेचा अर्थ तीच मला वाचून दाखवत होती आणि वाचता वाचता थांबली. दुसऱ्या दिवशी ती त्या मुलीशेजारी बसली. एवढंच. गट काही सुधारला नाही.

या वयाच्या मुलांचा विश्वास कुठे लागतो, तर नक्कल करायची संधी चालून येते तिथे, लहान भावाला सांभाळायच्या कंटाळवाण्या दुपारी, कोणालाच नको असलेल्या वर्गमित्राला आपल्या गटात घेताना. मुलाचे लंगोट धुणाऱ्या बापाकडे पाहून देव आणि देवदूत आनंदानं हसतात, असं लूथर यांनी 1522 मध्ये लिहिलं. रोजचं काम हीच सेवा, ही लूथरन शिकवण तरुणांना पटकन पटते. फक्त आपण ती सांगत नाही. आपण हजेरीच मोजत बसतो.

प्रश्नाला "असं बोलू नये" हे उत्तर

"मी प्रार्थना केली होती, तरी आजोबा गेले." याला घाईनं उत्तर देऊ नका. देवाची योजना वगैरे तर मुळीच नको. मी म्हणाले, "मलाही कळत नाही गं," आणि आम्ही दोघी रडलो. स्तोत्रसंहितेत देवाला "कोठवर?" म्हणून विचारणारी माणसं आहेत, 13 वं स्तोत्र तर तिथूनच सुरू होतं, हे मी तिला काही दिवसांनी दाखवलं. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारत होता, हेही विसरू नका. उत्क्रांती, इतर धर्म, नरक, समलिंगी मित्र असे प्रश्न आपल्याला झेपत नसतील तर पाळकांकडे किंवा मुलाचा ज्याच्यावर भरवसा आहे अशा दुसऱ्या मोठ्या माणसाकडे पाठवा. इथं बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममाता-धर्मपित्यांची आठवण करावी. कन्फर्मेशनचं पाकीट देऊन त्यांचं काम संपत नाही.

खुर्च्या लावायलाच तरुण आठवणं

मंडळ्यांचीही चूक आहे, आणि ती मोठी. वर्षातून एक "युवा रविवार" आणि एरवी टेबलं उचलायला हाका. फिनलंडमध्ये पंधरा वर्षांची मुलं कन्फर्मेशनच्या शिबिराला जातात. नंतर त्यांतली बरीच प्रशिक्षण घेऊन पुढच्या तुकडीची मदतनीस म्हणून शिबिराला परत येतात. वर्षा-दोन वर्षांपूर्वी स्वतः तिथं बसलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं धाकट्यांना सांभाळतात, प्रार्थना घेतात. जर्मनीतही आता असे मदतनीस असतात. चौदा वर्षांचं मूल माझ्यापेक्षा सोळा वर्षांच्या मुलाचं जास्त ऐकतं, हे मी डोळ्यांनी पाहते आहे.

काम खरं हवं, ते न झालं तर जाणवलं पाहिजे. उपासनेचं ध्वनियंत्र, लहान मुलांचा रविवारचा वर्ग, गावातल्या बेकरीत पाव भाजून जगभरातल्या तरुणांच्या प्रकल्पांसाठी पैसे उभे करणं. अनेक प्रांतांत 14 व्या वर्षापासून मंडळीच्या निवडणुकीत मतही देता येतं. ते मत द्यायला मुलाबरोबर जा. आमच्या मुलीला चर्चच्या पितळी वाद्यांच्या पथकानं धरून ठेवलं. तिथं ट्रॉम्बोन शिकायला मिळतो आणि शेजारी सत्तर वर्षांचे आजोबा बसलेले असतात. ती प्रवचनासाठी जात नाही, वाजवायला जाते. मला चालतं.

मराठीचा हट्ट

थोडक्यात सांगते. तिची प्रार्थना जर्मनमध्ये होते. मी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणते आणि ती त्याच वेळी "फाटर उन्झर" म्हणते. आमेनला दोघी एकत्र पोहोचतो.

एवढं करूनही अडलं तर

सहा महिने मूल फिरकलंच नाही: पाळकांना घरी जेवायला बोलवा, पण त्या जेवणात चर्चचा विषय काढू नका. कन्फर्मेशनला मिळालेलं वचन फ्रिजवर लावलेलं राहू दे. बाप्तिस्म्याच्या तारखेला बाप्तिस्म्याची ती जुनी मेणबत्ती लावा, मूल टेबलावर असो वा नसो.

"माझा विश्वास नाही" असं स्पष्ट म्हणालं: त्याच रात्री वाद घालू नका. कशावर विश्वास नाही ते आधी ऐका. बऱ्याचदा मूल ज्या देवाला नाकारतं तो रागीट हिशेबनीस असतो, आणि त्याच्यावर माझाही विश्वास नाही. पण मूल दिवसेंदिवस गप्प असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, तर तो विश्वासाचा प्रश्न समजून बसू नका, डॉक्टरांकडे जा.

मित्र चिडवतात: पुराव्यांची यादी देऊ नका. त्याच वयाचं, त्याच विश्वासाचं आणखी एक मूल शोधून द्या. एक पुरतं.

आणि मुलांना नुसतं घेणारं ठेवू नका. मागच्या महिन्यात माझी एक तपासणी होती आणि मी घाबरले होते. मुलगी वरच्या खोलीत होती. मी मेसेज केला, "उद्या माझ्यासाठी प्रार्थना करशील का?" बराच वेळ उत्तर नाही. मग आलं: "हो. किती वाजता आहे?"