पोक्सोची केस आणि ‘सरांना सांगितलंय’

पेडियाट्रिक्स, गायनॅक किंवा कॅज्युअल्टीत नव्याने लागणाऱ्यांसाठी लिहितेय. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२चा, अठरा वर्षांखालचं कुणीही मूलच, कलम १९ खाली पोलिसांना कळवणं सक्तीचं, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ असतं. अडचण पाठांतराची नसतेच.

पुण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी कामाला होते. लघवीला जळजळ होते म्हणून आजी सहा वर्षांच्या नातीला घेऊन आली होती. तपासताना ती पोरगी शेजारच्या काकांबद्दल एकच वाक्य बोलली आणि परत आजीच्या पदराशी खेळायला लागली. मी नोट लिहिली, वरिष्ठांना सांगितलं, त्यांनी ऑफिसला सांगितलं. पत्र टाइपही झालं. पण सुपरिंटेंडेंट दिवाळीच्या सुट्टीवर, म्हणून ते सहीच्या फाइलमध्ये पडून राहिलं. दरम्यान आईने स्वतःच चौकी गाठली. चौकशीला आलेल्या मॅडमनी मला विचारलं, ‘डॉक्टर, तुम्ही कुणाला कळवलं?’ ‘सरांना सांगितलंय,’ एवढंच माझ्याकडे होतं.

नीट वाचा. कायदा म्हणतो ‘कोणतीही व्यक्ती’. ज्याला कळलं किंवा शंका आली, त्याने कळवायचं, विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना. एचओडीला, म्हणजे विभागप्रमुखाला, सांगणं म्हणजे कळवणं नव्हे. केसपेपरवर ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) लिहिणं म्हणजे कळवणं नव्हे. ऑफिसच्या फाइलमधलं पत्र तर मुळीच नव्हे. पोलिसांनी माहिती लेखी नोंदवायची असते, तिला नोंद क्रमांक द्यायचा असतो, तुम्हाला वाचून दाखवायची असते. तो क्रमांक मिळाला की कळवलं. फोनवर बोलला असाल तरी क्रमांक, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव नोटमध्ये लिहा. आणि सही अडकली तर साहेबांना अदबीने आठवण करून द्या: न कळवल्याबद्दल कुणालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पण हाताखालच्याच्या बाबतीत संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर त्याला वर्षभरापर्यंत, वर दंड. या वाक्याने सह्या पटापट होतात.

‘आधी खात्री करून घेऊ, उगाच कुणाचं घर मोडायला नको’ असं म्हणणारे सीनियर भेटतीलच. खात्री करणं पोलिसांचं काम आहे, आपलं नाही. तपासणीत काहीच सापडलं नाही म्हणजे काही घडलं नाही, असं होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा होता. हायकोर्टाने तो रद्द केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरवला. तेव्हा ‘डॉक्टरांना कोण विचारतंय’ हे डोक्यातून काढा.

घाबरूही नका. प्रामाणिकपणे दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी, कुठलीच जबाबदारी येत नाही. शंका चुकीची निघाली तरी.

उपचार कशासाठीच थांबवायचे नाहीत. एफआयआर नाही, पोलिसांचं पत्र नाही, ही कारणं चालत नाहीत. खाजगी हॉस्पिटलनेही प्रथमोपचार आणि उपचार मोफत द्यायचे. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, ते चौकीच्या घड्याळाची वाट बघत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच, तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना. तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहा. ‘अत्याचाराचा आरोप’ असली शुद्ध भाषा ऑफिसपुरती ठेवा.

सगळ्यात जास्त घालमेल होते ती सतरा वर्षांच्या, गर्भपातासाठी आलेल्या मुलीच्या वेळी. ‘आमचं ठरलंय, पोलीस नको,’ म्हणते. तिची संमती कायद्यात धरत नाहीत, कळवावं लागतंच. पण सप्टेंबर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव-पत्ता सांगण्याची गरज नाही. हे तिला आधी सांगा. पोलिसांचं नाव निघताच उठून गेलेली मुलगी कुठल्या भोंदूकडे जाईल, सांगता येत नाही.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘पोक्सो एका पानात’ नोट्स मला अजिबात आवडत नाहीत. त्यात शिक्षा मोठ्या अक्षरांत असते आणि नोंद क्रमांकाचा उल्लेखही नसतो. त्यापेक्षा मेडिकल सोशल वर्करशी आणि रात्रपाळीच्या जुन्या सिस्टरशी ओळख ठेवा. कुठल्या चौकीला फोन उचलतात, ते त्यांनाच माहीत असतं. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ मुलाला आधार मिळवून द्यायला चांगला, पण तिथे फोन केला म्हणून पोलिसांची नोंद टाळू नका.

आणि समन्स. ते कधी येईल, नेम नाही. तोवर तुम्ही लातूरला किंवा नांदेडला प्रॅक्टिस करत असाल. शिवाजीनगर कोर्टात जायच्या आदल्या दिवशी रेकॉर्ड सेक्शनला जाऊन स्वतःची नोट वाचून घ्या. अक्षर तेव्हा वाचता येईल असं आजच काढा.